एलेनीचा निरोप

२००५ साली लंडनमधल्या क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात माझ्या मागच्या खुर्च्यांवर पंच्याहत्तरीच्या एक बाई आणि त्यांची भाची बोलत होत्या.

"आत्या, मुक्काम वाढवायचं कारण काय लिहू?"

"मैत्रिणीला भेटायचंय. एलेनीला."

"सायप्रसवाली?"

"हो. त्या देशाचे दोन तुकडे झाले, तेव्हा मी तिथे आपल्या वकिलातीत होते. माझ्याआधी तिथे कुणी बाईला पाठवलं नव्हतं. एलेनी दक्षिणेत आणि तिची म्हातारी आई उत्तरेत अडकलेली. वकिलातीची गाडी चौकीवर अडवत नसत, म्हणून दर शुक्रवारी मी दोघींचे निरोप न्यायचे."

"अलाउड होतं?"

"नव्हतं. साहेबांना कळलं आणि चार दिवसांत माझी बदली झाली. प्रमोशनही सहा वर्षं अडकलं."

"रिग्रेट नाही होत?"

"बदलीचं नाही. पण तिच्या आईचा शेवटचा निरोप पोचवायचा राहिला. मी पत्र टाकलं, तोवर एलेनीनं घर सोडलं होतं. मग म्हातारी वारली. आता कळलं, एलेनी इथे लंडनलाच राहते. पुढच्या महिन्यात सुट्टीवरून परत येईल."

"निरोप आठवतो अजून?"

"शब्द न् शब्द."

"मला सांग ना."

"तुला कसा सांगू? तो तिचा आहे."