युसूफचे होल्डर

चहा घ्या, पण युसूफसारखा फोटोवाला साऱ्या देऊळगावात नाही, हे मले सांगू नका.

दुसरबीडच्या लग्नात नवरीकडून फोटो काढाले मी होतो, नवरदेवाकडून तो. त्यानं फिल्मचे होल्डर मांडले, एका होल्डरात एकाच फोटोची फिल्म. नागपूरहून आणलेले, प्रत्येकावर पितळी नंबर. अख्खा मांडव माह्या कॅमेऱ्याकडं पाठ करून तेच पाहत होता. माहे होल्डर बिननंबरी, रीतही साधी. फोटो काढला की त्या होल्डरले कुंकवाचं बोट लावाचं, म्हणजे त्यातली फिल्म वापरलेली.

वरून युसूफ म्हणते, "भाऊ, या होल्डरांसंगं माहा एक फोटो काढ ना."

काढला. पण जीव असा जळत होता की तो होल्डर पेटीत न ठेवता पिशवीत कोंबला.

जेवून आलो तं माह्या पेटीतल्या साऱ्याच होल्डरांले कुंकू. बाजूले नवरीची आत्या करंडा घेऊन बसेल.

"काऊन लावलं हो आत्याबाई?"

"निम्मे भुंडेच होते बापा. लग्नघरात बरं दिसते का ते?"

आता कोरी फिल्म कोणती अन् वापरलेली कोणती, देव जाणे. अंदाजानं काढत गेलो. धुतल्यावर पाहतो तं एकावर एक दोन फोटो, नवरीच्या अंगावर जेवणाची पंगत बसेल. साफ आला एकच फोटो, पिशवीतला.

तो आता युसूफच्या दुकानात टांगेल हाये. फोटोत युसूफ सोताच उभा हाये, तरी काल एक गिऱ्हाईक त्या फोटोकडं पाहून मलेच म्हणे, "काय हात हाये युसूफभाईचा."