रिकामा ठेवलेला सतरा नंबर

—नाही सर, भाषण मी नाही करणार. आणि तुम्ही आधी बसा ना, उभ्याउभ्या कायले बोलता — ती खुर्ची नको, तिचा पाय हलते, इकडं पंख्याखाली बसा. याडी! ए माय, किसनराव सर आले, चहा ठेव. हां, तर समीक्षाचा सत्कार उद्या, शाळेच्या हॉलमध्ये, अन् वर्गमैत्रीण म्हणून दोन शब्द वर्षा राठोडनं बोलावे — हे कोणाच्या डोक्यातून निघालं? तुमच्याच ना? वाटलंच मले. सरांच्या वर्गातल्या दोन पोरी, दोघी एकाच कंपनीत, पांढरकवड्याच्या शाळेतून निघालेल्या — स्टेजवर लय छान दिसते ते. पण हार एकीलेच. नाही नाही, मी कुठं काही म्हणून राह्यली? मी खुश आहे. लय खुश आहे. बिस्किट घ्या.

वाजू द्या तो फोन. ऑफिसचा नाही, तिचाच आहे, सकाळपासून दुसऱ्यांदा. करीन मी मग.

तिनं केलं काय ते तरी माहीत आहे का तुमाले? पत्रिकेवर छापलं, 'संगणक क्षेत्रात उत्तुंग कामगिरी'. उत्तुंग म्हणे! मी सांगते, आइका. दवाखान्यात पेशंटच्या पलंगापाशी आमच्या कंपनीची मशीन असते, बरोबर? तिले दहा वस्तू जोडलेल्या — ठोके मोजणारी, ऑक्सिजन पाहणारी, काय काय. त्यातली प्रत्येक मधातच मशीनले सांगते की बाबा, काम सोड अन् माह्याकडे पाह्य, माहिती आली. म्हणजे घंटी वाजवा लागते. आता सगळ्याच घंट्या वाजवाले लागल्या, त कोणाची वाजली हे कसं कळन? म्हून प्रत्येक घंटीले नंबर. अन् तो नंबर वाटते कर्नल — मशीनचा सगळ्यात आतला कारभारी, त्याच्यावरच बाकी सगळं चालते. तर कोणता नंबर देला, कोणता मोकळा आहे, हे त्यानं ध्यानात कसं ठेवाचं, तो भाग कंपनीत कोणी लिहिला? मी लिहिला. सहा वर्षं झाले. एकटीनं. ते नाही छापलं कोणी पत्रिकेवर.

साधं केलं होतं मी. खान्यांची एक लांब रांग, नंबर देला त खान्यात एक, मोकळा त शून्य. बिटमॅप म्हणतात त्याले. शेंबडं पोरगंही समजन असं. फक्त रांग किती लांब, ते आधी ठरवा लागते. मी ठरवली चार हजार, अन् तवा चार हजार म्हणजे डोक्यावरून पाणी होतं सर — आता मशीनमध्ये लावाचं एकेक कार्ड येते अन् म्हणते, मले चौसष्ट नंबर पाह्यजे, तेही ओळीनं, एकाला लागून एक! पुरे ना रांग. मी म्हटलं, काय मोठी गोष्ट, सोळा हजार करून टाकू. तर ही मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर — 'वर्षा, रिकाम्या खान्यांसाठी जागा कायले अडवून ठेवाची? जेवढे देले तेवढेच लिहून ठेवू. झाड करू.' म्हणजे इथून इथपर्यंत भरलं ही एक फांदी, इथून इथपर्यंत मोकळं ही दुसरी, जितकं लागन तितकंच वाढन, अन् चौसष्टची सलग जागा पाहाले सगळी रांग चाळा नाही लागत. चार दिवसांत लिहून आणलं तिनं. मी दोन दिवस तेच वाचत बसली, खोट काढाले. निघे ना. चांगलं होतं सर. माह्यापेक्षा चांगलं होतं. तेच त जळते ना इथं!

अन् तिले नोकरीले कोणी लावलं? मी. माह्या शिफारशीनं आली ती. पण तिचं असंच आहे पहिल्यापासून. आठवीत बाभुळगावहून आली, दिवाळीनंतर, अन् पंधरा दिवसांत तुम्ही तिच्या भूमितीची वही सगळ्या वर्गाले दाखवली — 'असं लिहावं उत्तर!' माह्यंही उत्तर बरोबर होतं. एक पायरी जास्त होती फक्त. तुमाले नाही आठवणार. मले आठवते. माह्या बाजूच्या बाकावर बसवलं होतं तुम्ही तिले, अन् मीच तिले मागचे धडे उतरवाले वह्या देल्या होत्या — माह्याच.

हजेरी नंबर आठवते का तिचा? त्रेपन्न. सगळ्यात मागचा. खरं म्हणजे सतरा नंबर मोकळा होता तवा, आमच्या तांड्यावरची बिजली ऊसतोडीले गेलती माय-बापासंगं. हेडमास्तर म्हणे, नवी पोरगी आली, सतरा देऊन टाका. तुम्ही म्हटलं, नाही, मागं जोडा. काहून, ते नाही सांगितलं कोणाले. मग फेब्रुवारीत दवाखान्यातून डब्बा आला चष्म्यांचा — दिवाळीआधी डोळे तपासले होते ना आपल्या वर्गाचे, त्याचे चष्मे, अन् प्रत्येकावर नाव नाही, नुसता हजेरी नंबर. त्यात एक सतराचा. समीक्षाले सतरा देला असता त बिजलीचा चष्मा हिच्या नाकावर बसला असता! तुम्ही तो कपाटात ठेवला, अन् उन्हाळ्यात बिजली आली तवा तिले देला. वर्गात कोणी पाह्यलं नाही. मी पाह्यलं होतं.

तेच घेतलं मी माह्या रांगेत. तुमचंच आहे ते. एखादी वस्तू मशीनमधून काढली, तिचा नंबर सुटला, तरी मी तो लगेच दुसऱ्याले देत नाही — शेवटचा नंबर जो देला त्याच्या पुढून शोधत जाते, अख्खी फेरी झाली की मगच मागं येते. कारण वस्तू काढली तरी तिची एखादी घंटी वाटेतच असते, मागाहून पोचते. पोचली त तो नंबर रिकामा पाह्यजे, कोणाचं काही बिघडत नाही. अन् झाड काय करते — झाड पहिली मोकळी जागा देते. सगळ्यात लहान. म्हणजे बिजली फाटकाबाहेर पडत नाही तोच सतरा दुसरीच्या...

हां. समजले तुम्ही. गणिताचे सर आहात, समजनच.

नाही, तिले नाही माहीत. ऑफिसात कोणालेच नाही. तिथं कोण इतक्या घाईनं काढते अन् लावते! मी घरी मशीनवर तिचं झाड लावलं, वस्तूंची हजार हजार वेळा काढ-घाल, दोन दिवस काहीच नाही. परवा झालं. जुनी घंटी नव्याच्या नंबरावर पोचली अन् मशीन दहा सेकंद थांबली. आंधळी. दहाच सेकंद सर... हो, पेशंटपाशीच असते ती मशीन. सोमवारी जाते हे नवं झाड सगळ्या दवाखान्यांत. माहीत आहे मले. मी म्हटलं ना माहीत आहे! सांगणार होती मी. सत्कार होऊ द्या म्हटलं, मग सोमवारी सगळ्यांसमोर — जसं तिनं सगळ्यांसमोर.

अन् तिची चूक नाही का मग? तिले कसं कळन म्हणता? कारण लिहून ठेवाचं असते कोडच्या बाजूले, एक ओळ, काहून असं केलं त्याची. मी नाही लिहिली. तुम्ही तरी कुठं सांगितलं होतं हेडमास्तरले? मी म्हटलं, ज्याले पाह्यजे तो येईन मले इचाराले. सहा वर्षं कोणी आलं नाही इचाराले, सर.

आली होती. काय पाहता? आली होती ती. तीन आठवडे झाले. म्हणे, वर्षा, तुह्यी रांग नेहमी शेवटच्या नंबराच्या पुढूनच काहून शोधते व, सुरुवातीपासून काहून नाही? काही कारण असन त सांग, मी झाडातही तसंच ठेवते. असं इचारलं तिनं. सरळ. अन् मी म्हटलं, 'काही नाही, असंच. सवय.'

चहा तरी घ्या. बरं, नका घेऊ. असे पाहू नका पण माह्याकडे, रागवा पाह्यजे त, आठवीतल्यासारखे रागवा, हे असं गुमान उठून नका जाऊ —

वाजला पुन्हा. तिचाच. तुम्ही निघा सर. तुमच्यासमोर नाही बोलता येणार मले. फाटक लावून घ्याजा, ढोरं घुसतात.

हॅलो. हां, समीक्षा. नाही, सर आलते... राहू दे ते, भाषणाचं राहू दे. आइक. तू मले तवा इचारलं होतं ना, पुढूनच काहून शोधते म्हणून? असंच नव्हतं ते.