शेवटच्या रिळातला साक्षीदार

—आधी पाणी प्या हो, मग विचारा. तांब्या तसाच धरून बसलात. सकाळच्या मोटारीने धानोऱ्याहून आलात, तुमची दोघं माणसं तिकडे जसोदाबाईंच्या ओट्यावर चहा पिताहेत, आणि तुम्ही पाणी मागायला माझ्या दारात — त्यांच्या घरी पाणी नाही होय? लाजू नका, मला राग नाही आला. पुतणीला द्यायचं म्हणजे शेजारीपाजारी विचारावंच लागतं. मुलगा कसा, सासू कशी, पहिली बायको कशाने गेली. मी दगूबाई, पितांबरच्या घरातली, त्यांच्या भिंतीला भिंत लागून बावीस वर्षं राहते. अख्ख्या कळसाडीत त्या घराचं माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शांतीलाल ना — कष्टाळू आहे. ऊस आहे, कापूस आहे, विहिरीवर इंजिन बसवलं ते गावात दुसरं. दारू नाही, पत्ते नाहीत. त्याची आई, जसोदाबाई, एकादशीला पाणीसुद्धा विचार करून पितात. झालं की. आणखी काय सांगू? — मी मिरच्यांची देठं काढते हां बोलता बोलता. तुम्ही जरा लांब बसा, खकाणा उडतो, डोळ्यात जाईल.

यंदा सारंगखेड्याच्या यात्रेला आला होतात का तुम्ही? नाही? आम्ही दरवर्षी जातो, गाडी जुंपून. लोक घोडे बघायला जातात, मी सिनेमाच्या तंबूसाठी जाते. खोटं कशाला सांगू, मला वेडच आहे त्याचं. खाली बारदान अंथरतात, बायकांच्या बाजूला कनात लावतात, आणि ते मशीन मागे करकर करतं — एक रीळ संपलं की अंधार, दुसरं चढवेपर्यंत पोरं शिट्या मारतात. आठ वर्षांत एक तंबू सोडला नाही मी. आणि आठ वर्षांत दरवेळी रागावूनच बाहेर आले! हसता काय? खरंच. अहो, काय दाखवतात ते! ती नायिका दाराआडून अर्धं बोलणं ऐकते आणि रडत रडत घर सोडते — अगं, थांब की दोन मिनिटं, पुढचं अर्धंही ऐक! नाही. तिने एक प्रश्न विचारला असता तर आम्ही सगळे जेवायच्या वेळेला घरी गेलो असतो. पण विचारायचं नाही. शपथ घातलेली असते. सासरा मरताना शपथ घालतो, आणि मरतोही केवढ्या आरामात, खोकून खोकून सगळ्यांची नावं घेऊन. आणि डोक्याला मार लागला की सगळं विसरायचं, परत तिथेच मार लागला की सगळं आठवायचं! मिशी लावली की आई पोटच्या पोराला ओळखत नाही! मी आपली कनातीतून ओरडते — 'ओ माय, मांगे देख, मांगे!' — सगळा तंबू हसतो. आमचे हे पुरुषांच्या बाजूने म्हणतात, 'गुपचूप बस वं, पडदा शे तो.' पडदा आहे हे मला कळत नाही का? पण राहवत नाही. समोर दिसतंय, आपल्याला दिसतंय, आणि तिला दिसत नाही — मग ओरडायचं नाही?

आणि ते पाण्यात उडी मारायचं. तेही दर खेळात. बाई नदीवर जाते, वाजंत्री सुरू होते, पदर उडतो, उभी राहते, रडते, पुन्हा मागे बघते — आणि मग उडी मारते, तोवर कोणीतरी येतंच. साधूबाबा येतो, नाही तर डॉक्टरची मोटार येते. अहो ताई, कोणी येत नाही. आणि उभंही राहत नाही कोणी इतका वेळ. चिंचेपर्यंत दिसते, चिंचेच्या पलीकडे गेली की दिसत नाही, आणि आवाजसुद्धा —

चिंच? कुठली चिंच? मी सिनेमातलं सांगतेय.

पण खरा राग मला कशाचा येतो सांगू? त्या साक्षीदाराचा. शेवटचं रीळ. कोर्ट भरलेलं. नायकाला फाशी द्यायला जज पेन उचलतो — आणि मागून दार उघडून एक जण ओरडतो, थांबा, मी सगळं पाहिलंय! झालं, लोक टाळ्या वाजवतात. मी नाही वाजवत. मी म्हणते, मेल्या, तू पाहिलंस ना? मग तीन तास कुठे होतास? पहिल्या रिळात का नाही बोललास? घरी जेवत होतास, झोपत होतास, आणि तिकडे ते माणूस झिजत होतं. आणि त्याला कोणी विचारतही नाही! एकसुद्धा सिनेमा दाखवत नाही की तो घरी काय करत होता. बायको काय म्हणाली त्याला. त्याच्या उसाला पाणी कोणाच्या विहिरीचं होतं. हे कोणी विचारायचं? — उशिरा आलेल्याला टाळ्या. आणि जो आलाच नाही त्याच्यावर तर सिनेमाच निघत नाही.

काय? नाही, मला काही झालं नाही. मिरची आहे, डोळ्यात गेली. तुम्हाला म्हटलं ना, लांब बसा.

मीनाबाई म्हणजे शांतीलालची पहिली. महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लग्न झालं तिचं, आणि तिसऱ्या वर्षी गेली. चांगली होती. उंच होती, हसताना तोंडावर पदर घ्यायची, दात पुढे होते म्हणून. पाय घसरला. जसोदाबाईंनी तुम्हाला तेच सांगितलं असेल — विहिरीवर पाणी भरायला गेली, शेवाळ होतं, पाय घसरला. गावालाही तेच ठाऊक आहे. फौजदार आले होते शहाद्याहून, पंचनामा झाला, काठावर घागर होती, दोर होता. सगळं होतं. मला विचारलं, मी सांगितलं — मिरच्या वाळत घालत होते धाब्यावर, खाली पाहिलं नाही. आमचे हे माझ्या मागे उभे होते. संपलं.

तुम्ही अशा का बघताय माझ्याकडे?

बरं, मी धाब्यावर होते. ते खरंच आहे. ते वर दिसतं ना, मातीचं छत, तिथून त्यांचं परसदार दिसतं, सगळं नाही, न्हाणीपासून चिंचेपर्यंत. दुपारची वेळ, मिरच्या पसरत होते. आतून एक आवाज आला. एकच. मग काही नाही. रोजचं होतं ते, ताई, मी काही नवं सांगत नाही. अशा घरात आवाज येतात, आपण म्हणतो, त्यांचं ते बघतील. मग मागचं दार उघडलं आणि ती बाहेर आली. डोक्यावर पदर नाही. हात रिकामे. बघा, हात रिकामे — मला दोन्ही मनगटं दिसली, बांगड्या एकाच हातात होत्या. ती वर बघत नव्हती. भरभर चालत होती चिंचेकडे. मागून शांतीलाल निघाला. पळत नव्हता. शेतावर जाताना चालतो तसा. मी ओरडले असते तर दोघांनी वर पाहिलं असतं. एक हाक. 'मीना!' एवढंच. तंबूत मी तीनशे माणसांत ओरडते. धाब्यावर मी एकटी होते, आणि हातात मिरच्या होत्या, आणि मी — पसरत राहिले.

विहिरीपाशी काय झालं ते मी नाही पाहिलं. देवाशपथ. तिने उडी मारली की त्याने — ते मला विचारू नका, चिंचेच्या पलीकडचं मला दिसत नाही. तो परत आला. एकटा. न्हाणीपाशी बसून पाय धुतले, टाचा घासून घासून. मग जसोदाबाई बाहेर आल्या. त्या आत गेल्या, पाण्याच्या मांडणीवरची घागर घेतली, दोर घेतला, पदराखाली धरला आणि विहिरीकडे गेल्या. आल्या त्या रिकाम्या हाताने. आणि मग, ताई, मग त्या ओरडायला लागल्या. घागर आधी. ओरडणं नंतर. हे उलटसुलट होत नाही माझ्या मनात, तीन वर्षं झाली. सगळा गाव धावला, मीही धावले. घाईघाईने खाली उतरले, जणू आत्ताच ऐकलं.

रात्री ह्यांना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला केलं आणि एवढंच म्हणाले, 'तू काही दखेल नही शे. समजनं का?' म्हणजे मी काही पाहिलेलंच नाही. त्यांना नावं ठेवू नका. आमचा ऊस उभा होता. आमच्या विहिरीला फेब्रुवारीत तळ दिसतो, मग पाणी शांतीलालच्या इंजिनाचं, आठवड्याला एक पाळी. हो, त्याच विहिरीचं. तिला काढल्यावर पंधरा दिवस इंजिन लावून सगळं पाणी उपसलं, गावच्या लोकांनी पिऊ नये म्हणून. उपसलेलं पाणी वाया कशाला घालवायचं — आमच्या शेतात सोडलं. त्या वर्षी ऊस असा आला की बघायला माणसं येत होती. मी त्या उसाचा गूळ तोंडात घातला नाही.

आता एवढं बोललेच आहे तर ऐकून जा. आदल्या दिवशी ती इथे आली होती. ह्या दारात. गल्लीत लिहिणारी बाई मीच, चौथी शिकलेली. सगळ्यांची पत्रं मी लिहिते. म्हणाली, 'काकू, मन्हा बापले एक कागद लिखी द्या.' मी विचारलं, काय लिहू? म्हणाली, एवढंच लिहा, घ्यायला या. हे घरात होते, दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती, आणि मला वाटलं, जसोदाबाईंनी हिला इथे बसलेली पाहिलं तर — म्हणून म्हटलं, 'सकाय ये.' उद्या ये. ती म्हणाली, बरं. भांडली नाही, रडली नाही. जाताना दार ओढून घेतलं नीट.

आणि तिचा बाप आला ना, रूपचंद नाव, म्हातारा माणूस, तो सगळं उरकल्यावर माझ्याकडे आला. तुम्ही बसलात तिथेच बसला. म्हणाला, 'बहीण, मन्ही मीना काही बोलनी का?' पोरगी शेजारी येत-जात असेल, म्हणून विचारलं. तोंड उघडायचं तर तेव्हाच होतं. पंचनाम्यात नाही, कोर्टात नाही, कोणी नव्हतं, तो आणि मी. मी म्हटलं, नाही. सुखात होती. माहेरची आठवण काढायची, तुमचं कौतुक करायची. त्याने माझे हात धरले, ताई. कपाळाला लावले. म्हणाला, आता मला झोप येईल. मागच्या दिवाळीत वारला. शांतपणे वारला म्हणतात.

नाही. नाही, ते नाही होणार. तुमच्या माणसांसमोर मी हे बोलणार नाही. तुम्ही आत्ता जाऊन सांगितलंत आणि त्यांनी मला बोलावून विचारलं, तर मी नाही म्हणेन. तुमच्या तोंडावर म्हणेन — ह्या बाईला मी पाणी दिलं, बाकी काही बोलले नाही. माझा मुलगा आता शेत बघतो, सुनेला दिवस गेलेत, मला ह्याच गल्लीत मरायचंय. तुम्ही काय कराल ते तुमचं. पुतणी तुमची आहे, काहीतरी कारण काढा. पत्रिका जमत नाही म्हणा, लांब पडतं म्हणा. किती वर्षांची आहे ती? … सोळा. लिहिता येतं का तिला? … नाही येत.

मग शिकवा ना कोणीतरी —

श्श. पाऊल वाजलं. कोण? — या या, जसोदाबाई! इथेच आहेत तुमच्या पाहुण्या. पाणी प्यायला आल्या होत्या, मीच बसवून घेतलं. बोलतोय काय, ते यात्रेतल्या सिनेमाचं. तुम्हाला माहीत आहे माझं, एकदा सुरू झाले की थांबत नाही. हो ना! मी हेच सांगत होते त्यांना, लेकीसारखी ठेवतील म्हणून. ह्यांचे डोळे? मिरचीने हो. म्हटलं लांब बसा, ऐकतच नाहीत. जा ताई, बोलावताहेत. तुमची माणसं खोळंबलीत. उठा.

उठा म्हणते ना.