दहानं कमी

— नाही मॅडम, खुर्ची नोको. ह्या पोट्ट्यायच्या बाकावर बसतो मी, गुडघे अडकतात थोडे, पण चालते. तुमी डबा खा, खा ना, मधली सुट्टी आहे तुमची, मी बोलत राह्यतो. नाव सांगतलं ना मी? भावसिंग. तिसरीतल्या सोनूचा आजा. परवाच्या मीटिंगले माहा पोरगा आलता, बादल, अन् सूनबाई — त्यायले तुमी म्हतलं का घरी कोणीतरी पोरीले वजाबाकी उलटी शिकवून राह्यलं, म्हणून तिचं हातच्याचं एकबी गणित बरोबर येत नाही. तर तो कोणीतरी मी आहे. म्हतलं आपणच जाऊन उभं राहाव समोर, पाहून तरी घ्या तुमी चोर कसा दिसते ते. — नाही, रागावलो नाही मी. रागावलो असतो तर सकाळीच आलो असतो.

पण उलटी नाही शिकवली मी. खडू द्या बरं एक. हे पाहा, बावन्नातून सत्तावीस. दोनातून सात जातात का? नाही जात. मंग दोनाले दहा दिले, झाले बारा. बारातून सात गेले, पाच. आता वरच्याले दहा दिले तर खालच्यालेबी द्या लागते — म्हणून खालच्या दोनाले एक दिला, दशकाच्या घरातला एक म्हणजे दहाच ना जी — दोनाचे झाले तीन. पाचातून तीन गेले, दोन. पंचवीस. कुठं चुकलं? नाही चुकलं. दिग्रसले जिनिंगवर काट्यावर होतो मी, कापसाची भरली गाडी तोलाची, खाली झाली का रिकामी तोलाची, भरलीतून रिकामी वजा — सारा जलम ह्याच रीतीनं केलं. आता काटाच सांगते आकडा, माणूस लागत नाही, ते जाऊ द्या. तुमी म्हणान, खाली एक कायले द्याचा? सोनूनंबी हेच इचारलं होतं, काहून आजोबा, खालच्यानं काय केलं? हुशार आहे पोट्टी. मंग मी तिले जिन्यात नेलं. बिल्डिंगच्या. म्हतलं, माह्याजवळ उभी राह्य, तुहं डोकं माह्या कुठवर येते? सदऱ्याच्या तिसऱ्या गुंडीवर. आता दोघंबी एक पायरी चढू. आता कुठवर आलं? तिथंच. दोघंबी सारखेच उंच झालो ना, मंग फरक कसा बदलन? लय हासली. गच्चीवर जायपर्यंत पायरीपायरीवर थांबून पाहे — आजोबा, अजून गुंडीवरच! — मले दम लागला होता, पण थांब म्हणाची हिंमत नाही झाली.

तुमची रीतबी माहीत आहे मले. काड्यायचा गठ्ठा सोडाचा, पाचातला एक दशक मोकळा कराचा, पाच खोडून चार लिहाचे, खाली हात लावाचा नाही. चांगली आहे. मी वाईट कुठं म्हतलं? फक्त दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यातल्या शाळेत गुरुजीनं जी शिकवली ती ही होती, अन् मले तेवढीच एक गोष्ट पक्की येते. भुरीबाई गेली — माही बायको — तवा बादल म्हणे, बाबा, तांड्यात एकटे काय कराल, चाला यवतमाळले. आलो. घरात कोणी वाईट नाही वागत माह्याशी, हे लिहून घ्या तुमी. टायमावर चहा, टायमावर गोळी. पण बोलाले कोण आहे? बादलसंग मी आमच्या बोलीत बोलतो तर तो मराठीत उत्तर देते, सूनबाईले समजावं म्हणून. बरोबरच आहे त्याचं. सोनूले तर आमची बोली येतच नाही, एक गाणं शिकवलं होतं, तर मैत्रिणी हासतात म्हणे. मंग माह्याजवळ राह्यलं काय तिले द्याले? हेच. शाळेतून आली का दप्तर घेऊन माह्या खोलीत येते, पलंगावर मांडी घालते, अन् म्हणते, सांगा. तो एक घंटा मी सकाळपासून वाट पाहात बसतो, मॅडम. खोटं कायले सांगू.

— ही? थैली आहे, दिग्रसले चाललो. म्हणजे बादलच म्हणे मीटिंगवरून आल्यावर, बाबा, काही दिवस तांड्यात राहून या, पोरीचा अभ्यास सुधरू द्या. काही दिवस. थैली सूनबाईनं भरली. चांगली भरली, घड्या घालून, गोळ्या वेगळ्या, वर चिवडा. अन् सगळ्यात खाली स्वेटर. आता तुमीच सांगा, शिमगा होऊन गेला, यवतमाळचं ऊन तुमाले माहीत आहे, कोणी स्वेटर देते का काही दिवसांसाठी? मी हात घालून पाह्यलं अन् पुन्हा तसंच ठेवलं. म्हणून गाडीच्या आधी इथं आलो. जास्त काही मागत नाही तुमाले. बादलले एक फोन करा. एवढंच म्हणा का तुमच्या वडलाची रीतबी बरोबर आहे. शाळेच्या मॅडमनं म्हतलं तर ऐकन तो. माहं नाही ऐकत.

मान काहून हालवता? — हो, हो, रीत बरोबर आहे पण पोरीचं उत्तर चुकते. माहीत आहे ना मले. द्या खडू. ती असं करते, पाहा — पाच खोडते, चार लिहिते, तुमी सांगतलं तसं. दोनाचे बारा, बारातून सात, पाच. अन् मंग खालच्या दोनालेबी एक देते, मी सांगतलं तसं. चारातून तीन, एक. पंधरा. पाह्यलं? तुमची रीतबी करते अन् माहीबी करते. वरूनबी घेते अन् खालीबी देते. दोघायचं मन राखते लेकरू, म्हणून प्रत्येक गणित दहानं कमी. शंभराच्या गणितात तर शंभरानंबी कमी येते. असं नाही का तिले येत नाही. दोन्ही येतात तिले. — तुमाले आत्ता समजलं? मले तर पह्यल्याच दिवशी —

असं पाहू नोका मॅडम. हो. पह्यल्याच दिवशी समजलं. जिनिंगवर जलम गेला, एवढं दिसणार नाही का मले? एक वाक्य सांगाचं होतं, बेटा, मॅडमची कर नाही तर माही कर, दोन्ही नोको करू. बस. पण उत्तर बरोबर आलं का ती उठून जाते. पुस्तक मिटते अन् चालली खाली खेळाले. चुकलं का बसते. म्हणते, आजोबा, पुन्हा पह्यल्यापासून सांगा. पुन्हा मी सांगतो, पुन्हा ती माह्या खांद्याले टेकून बसते, तेलाचा वास येते तिच्या केसायचा — मी म्हणत गेलो, उद्या सांगू. आज राहू दे, उद्या सांगू. तिचं वाईट नव्हतं करत मी. मले ती जवळ पाहिजे होती. अन् इकडं ती वर्गात फळ्याजवळ उभी राह्यली, पोट्टे हासले, हे मले मीटिंगच्या दिवशी समजलं. घरी आईले इचारे, मम्मी, मी ढ आहे का? मी दाराच्या मांगंच होतो. तवाबी आत जाऊन सांगता आलं असतं. नाही गेलो. आता बादलले काय सांगान तुमी फोनवर? राहू द्या. फोन राहू द्या.

— घंटा झाली का? आले वाटते सारे. थांबा, ती पाहा आली. ये सोनू, ये. हो, मीच आहे, मॅडमले भेटाले आलतो. रडाचं नाही, कोणी काही म्हणत नाही तुले. हे गणित कर बरं फळ्यावर. पुसतो मी माहं. बावन्न वजा सत्तावीस. अन् ऐक, आज मॅडमची रीत कराची. फक्त मॅडमची. वरून घेतला ना, बस, खाली काही द्याचं नाही. — हं. पाच खोड. चार. बारातून सात... पाच, शाब्बास. आता — नाही, नाही बेटा, खाली नोको देऊ. माह्याकडं कायले पाहातं? मी सांगून राह्यलो ना. माही रीत सोडून दे. दोनाले दोनच राहू दे. चारातून दोन गेले?

बरोबर. एकदम बरोबर, इचार मॅडमले. आहेस का तू ढ? नाही ना? मंग. आता अजून एक करू, त्र्याऐंशीतून — बरं, बरं, जा. सांग जा मैत्रिणीले. जा.

गेली. थैली दिसली नाही तिले. बरंच झालं.

नाही मॅडम, त्या फोनचं खरंच राहू द्या. गाडी लागली असन आता. वर्ग चालू करा तुमचा — अन् डबा तसाच राह्यला पाहा. झाकून ठेवा.