गल्लीतले चार नमुने

बनाबाई : आता पुन्यांदा कशाला? एकदा दिलंय की.

अवंतिका : एकदा बघून भागत नाही, आई. आणखी एक नमुना हवाय. सकाळचा मिळाला असता तर बरं होतं, पण आत्ताचाही चालेल.

बनाबाई : तू आदी खाली बस. आल्यापास्नं फुडच्या सोप्यातनं मागल्या परड्यात, परड्यातनं सोप्यात. च्या गार झाला तुझा.

अवंतिका : बसते.

बनाबाई : अमर का न्हाय आला? सुनंला एकटीच धाडली व्हय?

अवंतिका : तो कागलला आहे. एमआयडीसीत आज त्याच्याकडं बाहेरची माणसं आलीत काम बघायला. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.

बनाबाई : काय सांगितलं न्हाईस?

अवंतिका : सांगते. आधी ते दार लोटून घेऊ?

बनाबाई : आगं, बोल की. विद्यापीठातली बाई तू, पोरांम्होरं तास-तासभर बोलतीस. माझ्याम्होरंच का वाचा बसली?

अवंतिका : माघात तुमच्या बचत गटातल्या बायकांच्या लघवीचे नमुने नेले होते ना मी. निरोगी बायकांचे म्हणून. दवाखान्यातल्या आजारी माणसांशी ताडून बघायला.

बनाबाई : व्हय.

अवंतिका : लघवीत प्रथिनं असतात, अगदी बारीक. मूत्रपिंड बिघडायला लागलं की गळू नयेत ती प्रथिनं गळायला लागतात. माणसाला त्रास जाणवायच्या कितीतरी आधी. मी तेच शोधते.

बनाबाई : ठावं हाय. सरपंचानं शाल घातली तवा माईकवर हेच बोललीस. फुडं?

अवंतिका : बाटल्यांवर नावं नसतात, आकडा आणि गल्ली एवढंच असतं. पण वाईट काही दिसलं तर नाव उघडायचं आणि त्या माणसाला कळवायचं, असा आमचा नियम आहे. चार बाटल्यांत वाईट दिसलं. चारही तुमच्या गल्लीतल्या. काल मी नावं उघडली. एक तुमचं निघालं.

बनाबाई : माझं.

अवंतिका : हो.

बनाबाई : आन बाकीच्या तिघी कोण?

अवंतिका : ते तुम्हाला सांगता येणार नाही मला. ज्याचं त्यालाच सांगायचं असतं.

बनाबाई : मग मी सांगतो. आक्काताई, मालन आन क्रांती.

अवंतिका : तुम्हाला कुणी सांगितलं?

बनाबाई : दुसरा च्या ठेवू का? ह्यो गेला वाया.

अवंतिका : आई, चहा राहू दे. तुम्हाला कसं माहीत?

बनाबाई : रागवायचं न्हाय बघ. शाळंत तुझी पोरं बाटल्या घेऊन बसल्याली. संडास एकच, त्यो बी वर्गाच्या दाराम्होरं. भरल्याली बाटली हातात धरून साऱ्या गावादेखत यायचं? आक्काताई म्हणली, मी काय जात न्हाय. मालनला तर हुईनाच. मग क्रांती म्हणली, आणा हिकडं, त्याच्यावर काय कुणाचं नाव लिवल्यालं असतंय? आन चारी भरून आणल्या.

अवंतिका : चारही तिच्या?

बनाबाई : व्हय.

अवंतिका : मला सांगायचं होतंत.

बनाबाई : सुनंला काय सांगू? माझ्या सासूनं असली बाटली मागितली असती तर मी माह्यारला पळून गेलो असतो.

अवंतिका : हुबेहूब एकसारख्या होत्या त्या. एक प्रथिन इकडंतिकडं नाही. मला वाटलं, एकाच बोअरचं पाणी पितात, म्हणून चौघींना एकच इजा झालीय. आठवडाभर मला झोप नव्हती, इतका आनंद झाला होता. आणि नंतर तुमचं नाव निघालं.

बनाबाई : आनंद कशाचा?

अवंतिका : पाण्यानं काय होतं ते इतक्या लवकर कुणी दाखवलेलं नव्हतं. तोच प्रस्ताव परवा दिल्लीत निधी देणाऱ्यांपुढं मांडायचाय. तो मान्य झाला की आमच्या विद्यापीठाला प्रथिनं तपासायचं स्वतःचं यंत्र मिळतं. जर्मनीहून परत आले तेव्हापासून पुण्याच्या यंत्रासाठी नंबर लावतेय मी. बर्फाचं खोकं मांडीवर घेऊन एसटीनं गेलेय, आई. गेल्यावर कळायचं, यंत्र बंद आहे. आल्या वाटेनं परत.

बनाबाई : ठावं हाय गं. लगीन झाल्यावर पयल्या दिवाळीला बी तू पुण्यातच हुतीस.

अवंतिका : आता पाण्याचं काही उरलं नाही. एक बाई आणि चार बाटल्या.

बनाबाई : मंजी मला काय न्हाय.

अवंतिका : तुमचं तर मी अजून बघितलेलंच नाही. पण बहुतेक नसावं.

बनाबाई : तोंड उजळलं बघ तुझं. आल्यापास्नं पयल्यांदा.

अवंतिका : असं बोलू नका.

बनाबाई : हाय त्ये हाय. माझं बी उजळलं आसंल. आता क्रांतीचं काय?

अवंतिका : तिला काही होतंय का? कधी बोलली?

बनाबाई : सांजचं पाय सुजत्यात म्हणती. आम्ही म्हणतो, डेअरीत उभं ऱ्हाऊन सुजत्यात. चौतीस वर्साची पोर, आजारी म्हणून कोण बघतंय तिच्याकडं?

अवंतिका : हाक मारा तिला.

बनाबाई : थांब जरा. तू दिल्लीला जाऊन ये. क्रांती काय कुठं पळून चाललीया? आल्यावर सांग. चार का एक, तिथं कुणाला कळतंय? मी कुणाला बोलणार न्हाय. आक्काताईला मी बघतो.

अवंतिका : मीही आत्ता तोच विचार करत होते.

बनाबाई : मग?

अवंतिका : परवा तिथं चार म्हणाले, तर जन्मभर चारच म्हणत राहावं लागेल. आणि इतर बायकांनी कुणाच्या बाटल्या दिल्या, तेही मला आता कुठं माहीत आहे? तुम्ही तिला बोलवा. मी तोवर परड्यात जाऊन एक फोन करते.

(थोड्या वेळानं. अवंतिका परत आलेली. मागच्या दारातून क्रांती पदराला हात पुसत येते.)

बनाबाई : काय म्हणलं दिल्लीवालं?

अवंतिका : प्रस्ताव मागं घेते म्हणाले मी. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी त्या खुर्चीत दुसरंच कुणीतरी असेल. ये, क्रांती. बस.

क्रांती : वैनी, कवा आलासा? बाटल्यांचं कळलं न्हवं? मावशी, तुमच्या पोटात काय ऱ्हात न्हाय बघा.

अवंतिका : कळलं. मी रागावलेली नाही. त्या बाटल्यांत मला एक दिसलंय, ते तुला सांगायचंय. मूत्रपिंडातून नको ती प्रथिनं गळतायत. हे पक्कं निदान नव्हे. डॉक्टर रक्त तपासतील, मगच नक्की कळेल. पण मला काळजी वाटते, म्हणून लगेच सांगते.

क्रांती : मूत्रपिंड मंजी किडनी.

अवंतिका : हो.

क्रांती : माझा बा त्यानंच गेला, नेसरीत. मशिनीवर घालाय गडहिंग्लजला न्यायचो आम्ही. शेवटाला त्यो म्हणला, आता नगं न्हेऊ.

बनाबाई : हे तू कवा बोलली न्हाईस गं.

क्रांती : काय बोलायचं? मला वाटलं, त्याची बिडी नडली त्याला.

अवंतिका : त्यांचं शेवटी कळलं. तुझं आधी कळतंय. औषधानं, पथ्यानं बऱ्याच जणांचं वर्षानुवर्षं थोपवता येतं.

क्रांती : बऱ्याच जणांचं.

अवंतिका : हो. सगळ्यांचं म्हणत नाही मी.

क्रांती : मी चार भरल्या त्यानं तुमचं काय बिघडलं न्हाय न्हवं?

बनाबाई : बिघडलं की. दिल्लीचं काम गेलं तिचं.

अवंतिका : आई, राहू द्या. क्रांती, एकच बाटली अशी आली असती, तर यंत्राची चूक म्हणून मी बाजूला टाकली असती. एखादी वेगळी निघाली की आम्ही तसंच करतो. चार आल्या म्हणून थांबले.

क्रांती : मंजी चुकून बरं झालं.

अवंतिका : बरं झालं का, ते मला अजून कळत नाही. उद्या सकाळी माझ्याबरोबर कोल्हापूरला येशील? ओळखीचे किडनीचे डॉक्टर आहेत, मी त्यांच्याशी बोलते.

क्रांती : सकाळी डेअरीत दुधाचं माप कोण घेणार?

बनाबाई : मी घेतो.

क्रांती : तुमास्नी त्ये फॅटचं मशीन येतंय व्हय?

बनाबाई : आता ऊन उतरल्यावर दाव. यील तेवढं यील. न्हाय आलं तर लोकं थांबतील, काय मरत न्हाईत.

क्रांती : आन नवऱ्याला कोण सांगणार? बाळासोला?

अवंतिका : मी येऊन सांगू का?

क्रांती : नगं. तुमी सांगितलासा तर त्यो तुमास्नी व्हय म्हणंल, आन रातभर मला इचारत बसंल, खरं काय त्ये सांग म्हणून. मीच सांगतो.

अवंतिका : बरं.

क्रांती : तुमी नुसतं दारात उभं ऱ्हावा, वैनी.