बॅगेतले बूट

विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीपाशी माझ्यापुढे पिकल्या केसांचे एक गृहस्थ उभे होते, पायात सपाता. सोबत त्यांची विद्यार्थिनी.

"उद्या सकाळी जहाज उत्तरेला सुटेल, सर. पुढचं थेट वर्षानं. आणि तुमच्या बॅगेचा कुणाला पत्ता नाही."

"सगळं मुसळ केरात."

"बर्फात जायचं तर बूट पायात घालूनच विमानात बसायचं, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं खरं."

"मग तुमचे बॅगेत कसे गेले?"

"अर्ज भर तू."

"संध्याकाळच्या विमानानं येईलही बॅग. थांबू या."

"येऊ दे. बूट पायात चढत नाहीत गं हल्ली. पाय सुजतात. तू जा."

"सर, पण..."

"घरून फोन आला, तर बॅग हरवली एवढंच सांग."