प्रिंटर दिसत नाही

(बोईसरमधल्या घराचा हॉल, दुपार. सलोनी लॅपटॉपपुढे बसलेली. धाकटा भाऊ अनुज झोपेतून उठून आलेला. आई मंजुळा दाराशी सोडे निवडते आहे.)

सलोनी : बंद करून चालू केला. वायर काढून परत लावली. आता काय, आरती ओवाळू त्याला?

अनुज : ताई, नाइट करून आलोय मी. आत्ता कुठे डोळा लागला होता.

सलोनी : झोपायच्या आधी नवीन वायफाय बसवलंस ना? काल रात्रीपर्यंत पेपर निघत होते. आता नुसतं ऑफलाइन, ऑफलाइन. पाच वाजता दहावीची मुलं सराव परीक्षेला येतील. त्यांच्या हातात काय देऊ?

अनुज : ऑफलाइन कसा असेल? थांब, मोबाईलवरून देऊन बघतो. हे बघ, निघालं पान.

मंजुळा : निगाला ना? मग भांडताय कशाला?

सलोनी : त्याच्या मोबाईलवरून निघालं, आई. माझ्या लॅपटॉपला प्रिंटर दिसतच नाही.

अनुज : लॅपटॉप जुना झालाय तुझा.

सलोनी : काल याच लॅपटॉपवरून भाविकाची तिकिटं काढून दिली, तुझ्या बायकोची. तेव्हा नवा होता?

अनुज : मग फाइल मला पाठव. मी काढून देतो, विषय संपला.

सलोनी : आणि उद्या तू एमआयडीसीत ड्यूटीवर असशील तेव्हा? ते जाऊ दे. तुझ्या मोबाईलवर नेटचं नाव काय आलंय?

अनुज : घरचंच. काय असणार.

सलोनी : वाच.

अनुज : अनुज होम.

सलोनी : माझ्याकडे अनुज गेस्ट आहे. सकाळी पासवर्ड तूच टाकून दिलास.

अनुज : नेट एकच गं. वाट तेवढी वेगळी.

सलोनी : त्या वाटेने प्रिंटरपर्यंत जाता येतं?

अनुज : नाही येत. गेस्टवाल्याला घरातली बाकीची मशिनं दिसत नाहीत. सेफ्टीसाठी असतं ते.

सलोनी : म्हणजे तुला माहीत होतं.

अनुज : झोपेच्या तारेत होतो, तुला प्रिंटर लागेल हे डोक्यातच नाही आलं.

सलोनी : प्रिंटर कोणाचा आहे?

अनुज : तुझा.

सलोनी : माझा प्रिंटर घरचा झाला, आणि मी पाहुणी?

मंजुळा : कोन पावनी? काय चाललंय तुमचं?

सलोनी : नेटचे दोन भाग केलेत याने, आई. एक घरच्यांचा, एक पाहुण्यांचा. मला पाहुण्यांत घातलंय.

अनुज : तुझ्या ट्यूशनची पोरं नेट खातात, ताई. भाविकाची मीटिंग सारखी अडकते.

सलोनी : मुलांना मी कधी पासवर्ड दिलेला नाही. आल्या आल्या त्यांचे मोबाईल डब्यात ठेवून घेते. तो डबा भाविकानेच आणून दिला, विचार तिला. खरं काय ते सांग.

अनुज : खरं सांगू? मला वाटलं, तू काय कायमची इथे नाहीस. आज ना उद्या वेगळं बघशील, नाहीतर परत जाशील. मग सगळं जोडून कशाला ठेवायचं.

सलोनी : परत कुठे जाऊ? ज्याने माझा हात मोडला त्याच्याकडे? पालघरच्या दवाखान्यातून मला तूच घेऊन आलास ना? गाडीत काय म्हणालास? ताई, घर तुझंच आहे. मी मागितलं होतं का तुझ्याकडे घर?

अनुज : तसं नव्हतं मला म्हणायचं.

सलोनी : तसंच होतं. मला तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून नेटवर सांगितलंस.

मंजुळा : अनुज, माझा फोन कुटल्या नेटवर हाय?

अनुज : तुझं काय मध्येच, आई.

मंजुळा : इचारते त्ये सांग. सकाळी माज्यापन फोनात कायतरी टाकलास. सलोनी, बग गो, मला वाचता नाय येत.

सलोनी : गेस्ट.

अनुज : आई, तू कशावरही बोट मारतेस, व्हायरस येतो. म्हणून फक्त.

मंजुळा : मी सातपाटीवरनं मच्छी आनून पालघरच्या बाजारात बसले, तवा ही जागा झाली. तू तवा शाळंत होतास. या घरात पावनं कोन ते तू ठरवशील?

अनुज : चुकलं माझं.

मंजुळा : माजं र्‍हाऊ दे. पयलं हिचं काम कर. पोरं येतील.

अनुज : दे ताई, लॅपटॉप दे इकडे.

सलोनी : पासवर्ड सांग. मी टाकते.

अनुज : भाविकाचं नाव, आणि पुढे माझा गाडी नंबर.

सलोनी : लागलं. दिसला प्रिंटर.

अनुज : निघतायत का पेपर?

सलोनी : निघतायत. तू जा, झोप.

अनुज : आई, तुझाही फोन आण. बदलून देतो.

मंजुळा : नको. सलोनी करंल.